जर, तर आणि नाहीं तर

जर-तरच्या गोष्टी नकोत, असें आपण मोठ्या तोऱ्यानें म्हणतों. ‘जर-तरची भाषा’ म्हणजे टाळाटाळ करणाऱ्याची, निश्चय नसलेल्या माणसाची भाषा, असा या दोन शब्दांस आपल्या बोलण्यांत कायमचा बट्टा लागलेला आहे. परंतु हल्लीं घरोघरचीं मुलें संगणकापुढें बसून जी विद्या शिकत आहेत, तिच्या आरंभींचा एक समग्र धडा या जर-तरचाच असतो. आणि अनिश्चय तर दूरच राहिला, निश्चयाचा इतका कडकपणा दुसऱ्या कोणत्या विद्येंत पहिल्याच महिन्यांत विद्यार्थ्याच्या अनुभवास येत असेल असें आम्हांस वाटत नाहीं. हा धडा काय आहे, मुलांस तो अवघड कां जातो, आणि ज्या घरांत भिंतीवर पंचांग टांगलेलें असतें त्या घरांतील वडील माणसांस तो मुलांहूनही लवकर कां समजावा, हें येथें सांगावयाचें आहे.

मंठा हें जालना जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर येथील व्यवहार चालतो. लोणारचें प्रसिद्ध सरोवर येथून उत्तरेस फार दूर नाहीं. अशा गांवींही आतां ‘सी’, ‘पायथन’ हीं नांवें मुलांच्या तोंडीं ऐकूं येतात. घरांतील आजोबा किंवा काकू मुलाच्या पाठीमागून डोकावून पाहतात तों समोर एक काळी चौकट आणि तींत पांढरीं अक्षरें! चित्र नाहीं, रंग नाहीं, दाबावयास बटण नाहीं. ‘फी भरून हेंच शिकवितात काय?’ असा प्रश्न मग साहजिकच उत्पन्न होतो. या काळ्या चौकटीस कन्सोल म्हणतात. तींत यंत्र एक ओळ लिहून प्रश्न विचारतें, विद्यार्थी कळफलकावरून उत्तर लिहितो, आणि यंत्र पुन्हां एक ओळ लिहून निकाल सांगतें, एवढाच व्यवहार. नवशिक्यास हीच चौकट योग्य, असें आमचें मत आहे. सजावटीच्या मागें चुकी लपून राहते. येथें लपण्यास जागाच नाहीं.

प्रोग्रॅम म्हणजे यंत्रास दिलेल्या आज्ञांची यादी. यंत्र ती वरून खालीं एकामागून एक वाचीत जातें आणि प्रत्येक आज्ञा अक्षरशः पाळतें. जेथें वाट दुभंगते तेथें ‘जर’ लागतो. इंग्रजींत त्यास ‘इफ’ आणि ‘नाहीं तर’ यास ‘एल्स’ म्हणतात. ‘जर’च्या पुढें येणारी अट अशी हवी कीं, तिचें उत्तर ‘होय’ अथवा ‘नाहीं’ एवढेंच येईल. ‘बहुधा’, ‘थोडेंसें’, ‘पाहूं पुढें’ हीं उत्तरें यंत्रास ठाऊक नाहींत. होय आणि नाहीं या दोहोंवर तर्काचा सर्व डोलारा बीजगणिताच्या रीतीनें उभारतां येतो, हें जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञानें १८५४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें, आणि आजचीं यंत्रें त्याच पायावर उभीं आहेत.

प्रत्येक वर्गांत दिलें जाणारें पहिलें उदाहरण परीक्षेच्या निकालाचें असतें. आपल्याकडील दहावीच्या निकालाच्या श्रेणी सर्वांस परिचित आहेत. त्या यंत्रास सांगावयाच्या तर अशा सांगाव्या लागतात:

जर टक्के ७५ किंवा अधिक, तर ‘विशेष प्रावीण्य’;
नाहीं तर, जर ६० किंवा अधिक, तर ‘प्रथम श्रेणी’;
नाहीं तर, जर ४५ किंवा अधिक, तर ‘द्वितीय श्रेणी’;
नाहीं तर, जर ३५ किंवा अधिक, तर ‘उत्तीर्ण’;
नाहीं तर ‘अनुत्तीर्ण’.

आतां एखाद्या विद्यार्थ्यानें हीच शिडी उलटी लावली, म्हणजे ३५ ची पायरी प्रथम लिहिली, तर काय होईल? एकही आंकडा बदललेला नाहीं, एकही शब्द चुकलेला नाहीं. तरीही ज्यास ९२ टक्के मिळाले त्यासही यंत्र नुसतें ‘उत्तीर्ण’ म्हणून मोकळें होईल. कारण ९२ हे ३५ हून अधिक आहेतच. पहिल्याच पायरीवर उत्तर ‘होय’ आलें, आणि पुढच्या पायऱ्या यंत्रानें वाचल्यासुद्धां नाहींत. गणिताच्या पुस्तकांत विधानांचा क्रम बदलला तरी सत्य बदलत नाहीं. येथें क्रम हाच अर्थाचा अर्धा भाग आहे. हें ज्या दिवशीं मुलाच्या ध्यानांत येतें त्या दिवशीं तो प्रोग्रॅम लिहूं लागला असें समजावें. तोंवर तो केवळ उतरवून घेत असतो.

दुसरी अडचण सीमारेषेची. तिच्यासाठीं दूर जावयास नको. कापसाच्या हंगामांत बाजारांत जावें. भारतीय कापूस महामंडळ हमीभावानें कापूस घेतें तेव्हां त्यांतील ओलावा मोजतें. ओलावा शेंकडा ८ असेल तर पूर्ण भाव. ८ च्या पुढें १२ पर्यंत, ओलावा वाढेल त्या प्रमाणांत भाव उतरतो. १२ च्या पुढें कापूस घेतलाच जात नाहीं. तोंडानें सांगावयास हा नियम किती सोपा! परंतु तो लिहावयास बसलें कीं लेखणी अडते. बरोबर १२ असेल तर? ‘१२ पर्यंत’ यांत बारा आले किंवा नाहीं? ‘१२ हून कमी’ असें लिहिलें तर बारांचा कापूस परत जाईल. ‘१२ किंवा कमी’ असें लिहिलें तर घेतला जाईल. दोन वाक्यांत अंतर एका चिन्हाचें. परंतु ट्रॅक्टर भरून आणलेला कापूस घरीं परत नेणाऱ्या शेतकऱ्यास तें अंतर फार मोठें आहे. मुलांस आम्ही सांगतों कीं, तुमच्या प्रोग्रॅमची परीक्षा ५ आणि २० या आंकड्यांनीं घेऊं नका. ते सोपे आहेत. त्यांत कोणीही उत्तीर्ण होतो. ८ आणि १२ हे आंकडे घाला, आणि त्यांच्या दोन्ही अंगांचे शेजारी घाला.

तिसरी अडचण आपल्या बोलण्याच्या संवयीची. घरांतील मोठी जाऊ धाकटीस सांगते, ‘पाहुणे आले तर, उपास नसला तर पोळ्या कर, नाहीं तर भगर टाक.’ धाकटी जाऊ तें ऐकते आणि बिनचूक वागते. पाहुणे न आले तर भगर टाकावयाची नाहीं, हें तिला कोणी सांगावें लागत नाहीं. परंतु वाक्य नीट पाहिलें तर हा ‘नाहीं तर’ कोणत्या ‘तर’चा? पाहुण्यांचा कीं उपासाचा? व्याकरणानें दोन्ही अर्थ संभवतात. हा संशय केवळ आपल्या स्वयंपाकघरांतला नव्हे. १९६० सालीं, ज्या वर्षीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें स्वतः बांधलेलें टिफ्रॅक हें यंत्र चालूं झालें त्याच वर्षीं, युरोप-अमेरिकेंतील विद्वानांनीं ‘आल्गॉल’ नांवाची एक अत्यंत सुबक यंत्रभाषा प्रसिद्ध केली; आणि तिच्या व्याकरणांत नेमका हाच लोंबकळणारा ‘नाहीं तर’ निघाला. पुढें १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनीं अमेरिकेंत रचलेल्या ‘सी’ भाषेनें असा निकाल दिला कीं, ‘नाहीं तर’ हा आपल्या सर्वांत जवळच्या ‘जर’चा, दुसरा अर्थ हवा असल्यास महिरपी कंस घाला. पायथनमध्यें ओळ किती आंत सरकवून लिहिली आहे यावरून संबंध ठरतो. म्हणजे शाळेंत गुरुजी ज्या समासासाठीं आणि ओळीच्या आरंभासाठीं कान पिळीत असत, तो समास येथें अर्थ बदलतो!

येथवर झाल्या त्या लिहिणाऱ्याच्या चुका. परंतु या धड्यांतील खरें मर्म आम्हांस एका निराळ्या प्रसंगानें उमगलें. आमच्या घरांतील एक मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षास आहे. तिनें सुटींत अधिक मास ओळखण्याचा एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. नियम सर्वांस ठाऊक आहे: अमावास्येपासून अमावास्येपर्यंतच्या चांद्रमासांत सूर्याची संक्रांति आली नाहीं, तर तो मास अधिक. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, सौरमास सरासरीनें त्याहून सुमारें एका दिवसानें मोठा. ती तूट सांठत जाऊन सुमारें साडेबत्तीस महिन्यांनीं एक महिना जादा धरावा लागतो. इ. स. २०२३ मधील अधिक श्रावण पुष्कळांच्या स्मरणांत असेल. मुलीच्या प्रोग्रॅममध्यें यंत्र विचारी, ‘मासांत संक्रांति किती?’ जर शून्य, तर ‘अधिक मास’. नाहीं तर ‘निज मास’. तिनें तो आजीस दाखविला. आजींनीं चष्मा लावून त्या चार ओळी वाचल्या आणि विचारलें, ‘अगं, आणि दोन संक्रांति आल्या तर?’

‘आजी, एका महिन्यांत दोन कशा येतील?’

‘आल्या होत्या. शके १९०४ त. आधीं एक अधिक झाला, मग एक महिना क्षय गेला, आणि वर्ष संपावयाच्या आधीं पुन्हां दुसरा अधिक. तुझी आत्या तेव्हां पाळण्यांत होती.’

मुलीनें यंत्रास २ हा आंकडा दिला. यंत्रानें क्षणाचाही विलंब न लावतां उत्तर लिहिलें: ‘निज मास.’

आजींचें म्हणणें बरोबर होतें. मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास सूर्याची गति सर्वांत शीघ्र असते, कारण त्या काळांत पृथ्वी सूर्यास सर्वांत जवळ असते. तेव्हांचा सौरमास चांद्रमासाहून किंचित् लहान होतो, आणि क्वचित् एकाच चांद्रमासांत दोन संक्रांति सांपडतात. तो क्षयमास. गेल्या शतकांत असे दोन योग आले, १९६३-६४ आणि १९८२-८३ या वर्षीं. मुलीनें प्रोग्रॅम लिहितांना ‘शून्य’ आणि ‘एक’ हीं दोनच उत्तरें मनांत धरलीं होतीं. परंतु लिहिलें मात्र ‘नाहीं तर’. आणि ‘नाहीं तर’ या शब्दाचें पोट फार मोठें आहे. त्यांत एक बसतो, दोन बसतात, सतरा बसतात, उणें चारही बसतात. लिहिणाऱ्याच्या मनांत जें नव्हतें तें सर्व त्यानें निमूटपणें गिळलें, आणि उत्तर दिलें तें तितक्याच आत्मविश्वासानें.

दुसऱ्या दिवशीं शिडी चार पायऱ्यांची झाली: शून्य असल्यास अधिक, एक असल्यास निज, दोन असल्यास क्षय, नाहीं तर ‘आंकडा पुन्हां पाहा’. (जातां जातां सांगावयास हवें कीं, सी भाषेंत ‘बरोबर आहे काय’ असें विचारण्यास बरोबरीचें चिन्ह दोनदां लिहितात. एकदांच लिहिलें तर प्रश्न न राहतां ती आज्ञा होते: संक्रांति शून्य धर! मग वाचकानें कोणताही आंकडा देवो, अधिक मास कधींच निघत नाहीं. या एका रेघेनें नवशिक्यांच्या किती संध्याकाळी वायां घालविल्या असतील त्याची गणती नाहीं.) १९५७ सालीं अमेरिकेंत निघालेल्या ‘फोर्ट्रान’ भाषेचा ‘इफ’ मुळांतच तीन वाटांचा होता, शून्याहून कमी, शून्य, आणि शून्याहून अधिक, तेव्हां जगाचे सर्व प्रश्न दोनच फांद्यांचे असतात असें मानण्याचें कारण नाहीं.

आजींस दोन संक्रांति आठवल्या याचें आश्चर्य वाटूं नये. ज्या ग्रंथांवर आपलें घरगुती धर्माचरण आजवर चाललें, ते ग्रंथ म्हणजे या विद्येचे मोठे भांडारच आहेत. ज्याचें घराणें मूळचें येथून जवळच्याच पैठणचें, त्या काशीकर कमलाकरभट्टानें १६१२ सालीं ‘निर्णयसिंधु’ रचला. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनीं १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ लिहिला. नांवांतच निर्णय आहे. तिथि दोन दिवसांस स्पर्श करीत असेल तर कोणती घ्यावी, एकाही सूर्योदयास नसेल तर काय करावें, अशा प्रश्नांच्या फांद्या आणि उपफांद्या त्यांत पानोपानीं पसरलेल्या आहेत.

एकादशीचेंच पाहा. कालनिर्णयावर किंवा दाते पंचांगांत लागोपाठ दोन दिवशीं ‘स्मार्त एकादशी’ आणि ‘भागवत एकादशी’ असें छापलेलें आढळतें, आणि नव्या सुनेस तें कोडें वाटतें. स्थूलमानानें नियम असा. घटिका म्हणजे २४ मिनिटें. सूर्योदयापूर्वींच्या चार घटिका, म्हणजे ९६ मिनिटें, हा अरुणोदयाचा काल. स्मार्तांच्या मतें सूर्योदयीं दशमी शिल्लक असेल तर ती एकादशी विद्ध. भागवतांच्या मतें अरुणोदयीं दशमी असली तरीही विद्ध. यंत्रास सांगावयाचें तर प्रथम संप्रदाय विचारला पाहिजे, आणि मग प्रत्येक संप्रदायाच्या पोटांत वेधाची अट घातली पाहिजे:

जर संप्रदाय भागवत:
जर अरुणोदयीं दशमी असेल, तर उपोषण दुसऱ्या दिवशीं. नाहीं तर त्याच दिवशीं.
नाहीं तर:
जर सूर्योदयीं दशमी असेल, तर उपोषण दुसऱ्या दिवशीं. नाहीं तर त्याच दिवशीं.

अटीच्या पोटांत अट, ती ही. दशमी सूर्योदयापूर्वीं ९६ मिनिटांच्या आंत संपली, तरच दोघांचे दिवस भिन्न होतात; एरव्हीं दोन्ही वाटा एकाच ठिकाणीं येतात. अर्थात् हा केवळ सांगाडा आहे. एकादशीची किंवा द्वादशीची वृद्धि झाली, क्षय झाला, तर आणखी भेद होतात आणि ग्रंथकारांनीं ते विस्तारानें सांगितले आहेत. परंतु वरच्या चार ओळी ज्या मुलीनें स्वतः लिहिल्या, तिला संप्रदायाचा प्रश्न आधीं कां आणि वेधाचा नंतर कां हें पुन्हां सांगावें लागणार नाहीं.

‘नाहीं तर’ फार मोठा झाला म्हणजे काय होतें तें पाहिलें. तो मुळींच नसला म्हणजे काय होतें याचें उदाहरण जगानें ३१ डिसेंबर २००८ रोजीं पाहिलें. मायक्रोसॉफ्ट कंपनीचें ‘झून’ नांवाचें गाणीं ऐकण्याचें एक यंत्र होतें. त्या दिवशीं त्याच्या एका विशिष्ट प्रकारचीं यंत्रें ठिकठिकाणीं एकदम गोठून बसलीं. कारण शोधतां असें निघालें: यंत्रांतील घड्याळास एकूण दिवसांवरून वर्ष काढावयाचें होतें. त्यास आज्ञा होती कीं, जोंवर दिवस ३६५ हून अधिक आहेत तोंवर वर्षें वजा करीत जा. आंत अट होती: जर लीप वर्ष, आणि दिवस ३६६ हून अधिक, तर ३६६ वजा कर, साधें वर्ष असल्यास ३६५ वजा कर. आतां २००८ हें लीप वर्ष, आणि ३१ डिसेंबर हा त्याचा बरोबर ३६६ वा दिवस. ३६६ हे ३६५ हून अधिक, म्हणून थांबावयाचें नाहीं. आणि ३६६ हे ३६६ हून अधिक नाहींत, म्हणून वजाही करावयाचें नाहीं. लीप वर्ष आहे, पण दिवस ३६६ हून अधिक नाहींत, तर काय करावें? त्या ठिकाणीं ‘नाहीं तर’ लिहावयाचा राहून गेला होता. यंत्र त्याच जागीं गरगर फिरत राहिलें. बॅटरी संपूं द्या आणि १ जानेवारीस पुन्हां सुरू करा, एवढाच उपाय निघाला. चार वर्षांतून एकच दिवस, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानें तोच दिवस तपासून पाहिला नाहीं.

या ठिकाणीं आपल्या राष्ट्रीय पंचांगाची आठवण होते. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे शके १८७९ च्या चैत्र १ पासून, तें सरकारी कामांत सुरू झालें. त्याचा नियम नवशिक्यास सोडविण्यास उत्तम आहे: शकांत ७८ मिळवा, येणारें वर्ष लीप असेल तर चैत्र ३१ दिवसांचा आणि त्याचा आरंभ २१ मार्चला, नाहीं तर ३० दिवसांचा आणि आरंभ २२ मार्चला. लीप वर्ष ओळखण्याचा नियमही तीन पायऱ्यांचा आहे. ४०० नें भाग जातो काय, १०० नें जातो काय, ४ नें जातो काय, याच क्रमानें विचारावें. म्हणून २००० लीप होतें आणि १९०० नव्हतें.

आतां घरांतील वडील मंडळींस एक विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी प्रोग्रॅम लिहीत असतां ‘आम्हांस यांतलें काय कळतें’ असें म्हणून दूर बसूं नये. सी भाषेचीं चिन्हें आपणांस येत नसतील. परंतु ‘आणि असें झालें तर?’ हा प्रश्न विचारण्याचें सामर्थ्य ज्यानें चाळीस वर्षें मोठें कुटुंब चालविलें त्याच्या अंगीं असतेंच. मुलास ओळी मोठ्यानें मराठींत वाचावयास सांगावें. जेथें तो ‘म्हणजे, तें असं आहे’ म्हणून अडखळेल तेथें बहुधा एक अट राहिलेली असते. आमच्याकडे पुष्कळ मुलें तयार उत्तरांच्या पुस्तकांतून प्रोग्रॅम पाठ करतात आणि परीक्षेंत गुणही मिळवितात. त्यांस ३५ च्या जागीं ४० करावयास सांगितलें तर तें जमतें. पण ‘गैरहजर’ ही नवी पायरी कोठें बसवावी असें विचारलें कीं तीं गप्प होतात. ती पायरी सर्वांत वर, गुणांच्या सर्व पायऱ्यांच्या आधीं लागते. कारण गैरहजर मुलाच्या नांवापुढें आंकडाच नसतो, आणि तुलना करावयाची ती कशाशीं?

हें इतक्या आग्रहानें सांगण्याचें कारण असें कीं, आज शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविम्याचा दावा, बँकेचें कर्ज यांचे निर्णय अशाच लिहिलेल्या अटींवर होत आहेत, आणि त्या लिहिणारे म्हणजे आपल्याच घरांतून शिकून गेलेलीं हीं मुलें. धर्मसिंधूच्या कर्त्यास एखादा भेद सुचला नसता, तरी गांवचा शास्त्री, देशाचार आणि घरचीं वृद्ध माणसें त्याच्या मागें उभीं होतीं. ग्रंथ मुका झाला तर माणूस बोले. यंत्राच्या मागें तसें कोणी उभें नाहीं. अट राहिली तर तें थांबून विचारीत नाहीं. कांहीं तरी करून मोकळें होतें, आणि तें काय केलें हें ज्याच्यावर बेतलें त्यासच पुढें कळतें.

आमच्या मुलीनें आतां आपल्या प्रत्येक प्रोग्रॅमसाठीं वहींत एक पान राखून ठेविलें आहे. डावीकडे यंत्रास द्यावयाचे आंकडे, उजवीकडे यावयाचें उत्तर. आणि हें पान ती प्रोग्रॅम लिहिण्याच्या आधीं भरते. अधिक मासाच्या पानावर ०, १, २, ३ आणि उणें १ हे आंकडे आहेत. शेवटीं आजींनीं आणखी एक ओळ भरावयास लावली आहे: कोणी आंकड्याच्या जागीं ‘दोन’ असें अक्षरांत लिहिलें तर?